पाटकरी

विद्यापीठाच्या मोठ्या फाटकातून आत आलात
की डाव्या हाताला तो दिसेल.
साडेनऊ फुटी, ब्राँझचा,
खांद्यावर फावडं,
नजर लळिंगच्या किल्ल्याकडे.

समितीत आधी केळीचा घड होता,
मग कापसाचं बोंड.
शेवटी भूगोलाचे सैंदाणे सर उठले, म्हणाले,
पांझरेच्या फडांवर ज्याच्या हातून
पाटलाला आणि रांडवेच्या चार सऱ्यांना
सारखंच पाणी गेलं,
तो माणूस उभा करा.
टाळ्या झाल्या. चहा आला.
चहा मीच नेला होता.

मी इथला माळी.
माझा बाप, धुडकू, पाटकरी होता.
हे सांगायला कुणी विचारलं नव्हतं,
आणि कप गोळा करायचे होते.

शिल्पकार बाई बडोद्याहून आल्या,
वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर राहिल्या.
नाटकातला एक देखणा पोरगा उभा केला त्यांनी,
धोतर नेसवून.
छाती चांगली होती त्याची.
फावडं त्यानं गदेसारखं धरलं,
पातं मागे, पाठीवर.
मी म्हटलं, बाई, असं नाही धरत,
चिखल मानेवरून गळतो, सदऱ्यात जातो.
पातं पुढं ठेवतात.
त्या हसल्या. म्हणाल्या, पुढं ठेवलं तर चेहरा झाकतो.
ते खरं होतं.
चेहरा झाकून चालणार नव्हतं,
उद्घाटनाला पालकमंत्री यायचे होते.

मग एके दिवशी त्या पोराचे पाय बघत बसल्या खूप वेळ.
मऊ पाय. बुटातले.
माझ्याकडे वळल्या: चप्पल काढता का जरा?

प्लास्टर आधी गार लागतं,
मग हळूहळू तापतं,
जसं आजारी पोराचं कपाळ.
हलू नका, म्हणाल्या.
मी हललो नाही.
बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या,
टाचेच्या भेगा,
लहानपणी बारं मोडताना अंगठ्यावर पडलेला कुदळीचा वार,
सगळं त्यांनी उचललं.
निघताना पाचशे रुपये देत होत्या.
मी नको म्हटलं. नंतर वाटलं, घ्यायला हवे होते.

आता परीक्षेच्या दिवसांत
पोरं त्याच्या पायांना हात लावून जातात.
बीएस्सीच्या पोरी तर
अंगठ्याला हळदीकुंकू लावतात.
मी लांब, गुलाबाच्या वाफ्यात उकिडवा,
आणि खोटं कशाला बोलू,
मला गुदगुल्या होतात.

पाटीवर माझं नाव नाही. बापाचंही नाही.
वारसा आहे, समता आहे,
आणि खाली ठेकेदाराचा मोबाईल नंबर,
तो आता लागत नाही.

पुतळ्याभोवती कारंजं आहे.
सकाळी सहाला व्हॉल्व्ह नंबर सात मी उघडतो,
आठला बंद करतो.
पाणी त्याच्या पायांवर उडतं, टाकीत पडतं,
परत तेच वर येतं.
कुठंच जात नाही ते पाणी.
कुणाची बारी नाही, कुणाचं भांडण नाही,
मध्यरात्री कंदील घेऊन
बापाच्या नावानं हाक मारत कुणी येत नाही.
उन्हाळ्यात टँकर उशिरा येतो,
तेव्हा मी सात नंबर बंद ठेवतो
आणि ते पाणी मुलींच्या वसतिगृहामागच्या
कडुलिंबांना सोडतो.
अजून कुणी विचारलेलं नाही.
विचारलं तर काय सांगायचं, ठरवलेलं नाही.

गेल्या रविवारी आईला आणलं,
बसनं, साक्री नाक्यापासून पुढं रिक्षानं.
डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं,
काळा चष्मा.
सांगितलं काहीच नाही. नुसतं समोर उभं केलं.
तिनं वर बघितलं, बराच वेळ.
"हाऊ कोन शे रे?"
मी गप्प.
फावडं बघितलं, म्हणाली, चिखल गळंल ना मानेवर.
मग मान दुखली असेल,
खाली बघितलं.
चष्मा काढला.
वाकली, पदरानं अंगठा पुसला त्याचा,
त्या वारावर बोट ठेवलं
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"पायले मेंदी लावत जाय रे, भाऊ.
किती चिखल्या झाल्यात."